कायद्यात जागा, हातात करार

सकाळचे सव्वानऊ. मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीपासून दोन वळणं घेतली की एक अरुंद खोली लागते. दारावर पाटी : ‘समाजसेवा विभाग’. आत तीन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि भिंतीला लागून बाक. बाकावर दाटीवाटीनं बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत एक्स-रे, रिपोर्ट, रेशनकार्ड आणि झेरॉक्सच्या घड्या.

पहिला नंबर जालना जिल्ह्यातून आलेल्या शेतमजुराचा. बायकोच्या हृदयाची झडप बदलायची आहे. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते, पण मंजुरी अडली आहे. आधारवर बाईचं माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर लग्नात बदललेलं. दोन्ही नावं एकाच बाईची हे सगळ्या गावाला ठाऊक. संगणकाला ते कसं कळणार?

टेबलापलीकडच्या मॅडम कागद बाजूला ठेवतात आणि आधी दुसरंच विचारतात. “लेकरं कोणाजवळ ठेवलीत?”

“म्हातारीजवळ.”

“किती दिवसांचं सांगून आलात?”

“आठ.”

“दादा, इथं महिना मोडेल. म्हातारीला निभेल का? घरात दाणे किती आहेत?”

तो थोडा वेळ बोलतच नाही. मग म्हणतो, “म्हणूनच परवा तिला घेऊन माघारी निघालो होतो.”

मी तिथे का बसले होते, ते सांगते. ‘पोटापाण्याच्या वाटा’ असा या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, घेतलेल्यांच्या वाटा मागून घेतल्या. आमच्या नात्यातली एक मुलगी यंदा ही पदवी घेऊन घरी आली. घरातल्या प्रत्येकानं तिला विचारलं, “समाजसेवा ठीक आहे, पण नोकरी काय करणार?” तिला धड उत्तर देता आलं नाही, आणि मलाही. म्हणून चार महिने मी या पदवीच्या मागं फिरले.

झडपेपेक्षा अवघड

त्या शेतमजुराच्या बाबतीत मॅडमनी जे केलं त्यात चमत्कार काही नव्हता. नावातल्या फरकासाठी कोणता कागद चालेल हे त्यांनी योजनेच्या आरोग्यमित्राला विचारून घेतलं. गावच्या सरपंचाला फोन लावला आणि म्हातारीकडं लक्ष ठेवायला गावातल्या आशाताईंना सांगायची विनंती केली. रात्री व्हरांड्यात झोपणाऱ्या त्या माणसासाठी धर्मशाळेच्या नावे चिठ्ठी लिहिली. योजनेत न बसणाऱ्या औषधांसाठी रुग्णालयाच्या ‘पुअर बॉक्स’ निधीचा अर्ज भरला. सगळं मिळून चाळीस मिनिटं. त्यानंतर तो माणूस गावी निघाला नाही, वॉर्डात परत गेला.

डॉक्टरांनी झडप बदलली तरी घरची घडी बसली नाही, तर रोगी औषधं मध्येच सोडतो. क्षयरोगात तर हे रोज घडतं. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, पण चौथ्या आठवड्यात ताप उतरतो आणि माणूस मजुरीला जायला लागतो. सरकार क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा पैसे देतं. २०१८ साली ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते पैसे खात्यात पडावेत म्हणून आधी खातं असावं लागतं. आणि खातं असलं तरी आजार शेजाऱ्यांना कळू नये म्हणून बाई दवाखान्याची पायरी टाळते. तिथे कुणीतरी तिच्याशी बोलावं लागतं. मॅडम म्हणाल्या, “मी औषध देत नाही. औषध घेता येईल अशी जागा करते.”

या विभागात अनोळखी रुग्णही येतात. रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेला, शुद्ध हरपलेला, खिशात कागद नसलेला माणूस. शुद्धीवर आल्यावर तो दोन-चार शब्द बोलतो, त्या बोलीवरून जिल्हा ओळखायचा, मग पोलीस ठाणी, तलाठी, किराणा दुकानं अशी साखळी जुळवत घर गाठायचं. अशी किती घरं सापडली हे त्यांनी मोजलेलं नाही. न सापडलेली मात्र आठवतात.

खाजगी पण धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांत हेच काम जास्त अवघड जागी होतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातलं कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयानं मान्य केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. ही खाट कुणाला, हे ठरवण्यासाठी अर्ज तपासणारी व्यक्ती म्हणजे तिथली वैद्यकीय समाजसेविका. तिचा पगार रुग्णालय देतं आणि तिचं काम रुग्णालयाचा पैसा गरिबावर खर्च करवण्याचं. अशा दोघींशी मी बोलले. एकीनं सांगितलं की व्यवस्थापनाच्या बैठकीत तिला ‘किती दिलेत’ असं विचारतात आणि बाहेरच्या बाकावर ‘किती नाकारलेत’. ती रोज ठीक सहाला घरी निघते, कारण त्याहून उशिरापर्यंत हा ताण सोसवत नाही.

सेवा की काम?

आपल्या महाराष्ट्रात या पदवीची एक खास अडचण आहे, ती शब्दाची. ‘समाजसेवा’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात हिंगण्याच्या माळरानावरचे अण्णासाहेब कर्वे आणि आनंदवनातले बाबा आमटे. त्यांनी स्वतःचं आयुष्य दिलं. त्या पुण्याईची सावली इतकी मोठी आहे की याच क्षेत्रात शिकून, परीक्षा देऊन, पगार मागणारी मुलगी आपल्याला थोडी कमअस्सल वाटते. डॉक्टरनं फी घेतली तर चालतं. समाजकार्यकर्तीनं पगारवाढ मागितली की ‘सेवेत कसले पैसे’ असं ऐकू येतं. हा विचार मला अन्यायाचा वाटतो. याच विचारानं या व्यवसायाचं सर्वांत जास्त नुकसान केलं आहे.

हे काम शिकवता येतं, ही कल्पना आपल्याकडं जुनी आहे. १९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावानं देशातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय निघालं. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी त्याचे पहिले संचालक. नागपाड्यातलं त्यांचं वस्तीकेंद्र आधीपासून चालत होतं. तेच विद्यालय पुढं टाटा समाजविज्ञान संस्था झालं. दहाच वर्षांनी, १९४६ साली, जे. जे. रुग्णालयात भारतातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक झाली. मग मुंबईत निर्मला निकेतन, नागपुरात मातृसेवा संघाचं महाविद्यालय, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. आता जिल्ह्याजिल्ह्यात महाविद्यालयं आहेत, आणि तिथल्या वर्गात बसलं की आधीच्या पिढीपेक्षा वेगळे चेहरे दिसतात. मी बसले त्या वर्गातली निम्मीअधिक मुलं घरातली पहिली पदवीधर होती. ज्या वस्त्यांवर समाजकार्यकर्ते ‘जायचे’, त्याच वस्त्यांतून ती आली होती.

अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातले दोन दिवस वर्ग नाही. संस्था, रुग्णालय, वस्ती किंवा न्यायालय. संध्याकाळी नोंदवही लिहायची आणि आठवड्यातून एकदा पर्यवेक्षक प्राध्यापकांसमोर बसायचं. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मला अशा एका बैठकीला बसू दिलं. विद्यार्थ्यानं वहीत लिहिलं होतं : ‘लाभार्थी रडली. मी तिला धीर दिला.’

सरांनी विचारलं, “धीर दिला म्हणजे नेमकं काय केलंस?”

“म्हटलं, सगळं ठीक होईल, ताई.”

“होईल का?”

मुलगा गप्प.

“मग म्हणू नकोस. ती रडत होती तेव्हा तिच्यासोबत बसून राहिलास, तर तेवढंच लिही. आणि आधी ‘लाभार्थी’ काढ. तिचं नाव लिहायचं नसेल तर आद्याक्षर लिही.”

दोन वर्षं असे प्रश्न झेलले की माणूस तयार होतो. म्हणून नव्यानं प्रवेश घेणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. महाविद्यालयाची इमारत बघू नका. क्षेत्रकार्याला कुठं पाठवतात, आणि नोंदवही कोण वाचतं, ते विचारा.

कोयता निघाल्यावर

दिवाळीचा अंक आपण घरी फराळासोबत वाचतो, त्याच सुमाराला बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत थांबता येत नाही. तरण्या मुलीला फडावर न्यायची भीती, आणि मागं एकटी ठेवायची त्याहून मोठी. मग पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न. बापाला दोष देणं सोपं आहे. मुलगी सुरक्षित राहील अशी दुसरी जागा त्याला कुणी दाखवलेली नसते.

तिथल्या एका बालसंरक्षण कार्यकर्तीबरोबर मी एक दिवस फिरले. वय एकतीस, एमएसडब्ल्यू, स्वतःची स्कूटी, पेट्रोल बहुतेक वेळा स्वतःचंच. सकाळी साडेसातला फोन आला : अमुक वस्तीवर दुपारी हळद आहे, मुलगी दहावीतली. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६चा, आणि गावात प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. पण ग्रामसेवकाला त्याच गावात राहायचं असतं. तिनं त्यांना, अंगणवाडीताईंना आणि पोलीस पाटलांना एकाच वेळी तिथं पोचायला सांगितलं. कुणा एकाच्या माथी वाईटपणा येऊ नये म्हणून.

मांडव घातला होता. बाप्ये अंगावर येतील असं मला वाटलं; एक-दोघं आलेही. ती थेट मुलीच्या आईपाशी जाऊन बसली. कायद्याचं नाव तिनं पहिला अर्धा तास काढलं नाही. टोळी कधी निघणार, मुकादम कोण, मुलीला किती मार्क पडले, मावशी कुठं असते. तिसऱ्या चहानंतर आई म्हणाली, “ताई, हिला ठेवू कुठं, ते सांगा. मग लग्न मोडते.” मग ताईनं मुलींच्या वसतिगृहाचं नाव काढलं, आणि तिथल्या अधीक्षिकेला तिच्यासमोर फोन लावला.

लग्न थांबलं की बातमी छापून येते. काम तिथून सुरू होतं. मुलीला बालकल्याण समितीसमोर न्यायचं, पालकांचं हमीपत्र घ्यायचं, वसतिगृहाचा प्रवेश पक्का करायचा, आणि ती अठराची होईपर्यंत दर काही आठवड्यांनी चक्कर मारायची. हमीपत्र दिल्यावरही दुसऱ्या तालुक्यात नेऊन लग्न लावल्याची उदाहरणं तिनं पाहिली आहेत.

बाल न्याय अधिनियम २०१५ वाचला तर समाजकार्यकर्ता त्यात पानोपानी भेटतो. कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाचं प्रकरण चालवणाऱ्या मंडळात एका न्यायदंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांतली एक तरी स्त्री. मूल मंडळापुढं आलं की परिविक्षा अधिकाऱ्यानं किंवा समाजकार्यकर्त्यानं १५ दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घर कसं, शाळा कधी सुटली, सोबत कोणाची, बाप कामाला जातो का. मोबाइल चोरला हे पोलीस सांगतात. का चोरला, आणि घरी पाठवलं तर काय होईल, हे हा अहवाल सांगतो. एक निवृत्त परिविक्षा अधिकारी मला म्हणाले की त्यांनी प्रत्येक अहवालाआधी मुलाच्या घरी चूल कोणत्या कोपऱ्यात आहे ते पाहिलं. जिथं चूल रोज पेटत नाही, तिथं परत पाठवताना सोबत आणखी काहीतरी पाठवावं लागतं.

कारखाना ते न्यायालय

एके काळी या पदवीचा सर्वांत भरवशाचा रस्ता कारखान्याकडं जात असे. १९४८च्या कारखाने अधिनियमानं ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. पाळणाघर, उपाहारगृह, दारूत बुडालेला कामगार, अपघातानंतरचं घर, हे सगळं त्याच्याकडं. मुंबईच्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि ही वाट अरुंद झाली.

आता कंपन्यांकडं नेणारी वाट दुसरी आहे. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्च करायची. हा पैसा वाटायला, तपासायला माणसं लागतात. मला भेटलेल्यांमध्ये पगार सर्वांत बरा याच लोकांचा होता. चाकणच्या एका कंपनीत असं काम करणारा तरुण प्रामाणिकपणे म्हणाला, “शाळेच्या खोल्या बांधायला पैसे लगेच मंजूर होतात. त्या खोलीत शिकवणाऱ्या माणसाचा तीन वर्षांचा पगार मागितला की फाइल थांबते.”

बाकीच्या वाटा धावत सांगते, कारण त्या पुष्कळ आहेत. ‘उमेद’ (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांत बचतगटांचं काम. कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक. पोलिसांच्या आवारातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. १९८४ साली टाटा संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला हा प्रयोग पुढं राज्यभर गेला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली उघडलेलं, मार खाऊन आलेल्या बाईची जखम कुठून आली हे विचारणारं ‘दिलासा’ केंद्र. एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक. मनोरुग्णांसाठी काम करायचं तर एमएसडब्ल्यूनंतर मनोसामाजिक कार्यातलं एम.फिल.; २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं ती पात्रता लिहूनच ठेवली आहे. सरकारी नोकरी हवी त्यांच्यासाठी रुग्णालयातली समाजसेवा अधीक्षक आणि समाजकल्याण व महिला-बालविकास खात्यांतली पदं. त्यांच्या जाहिराती कधी निघतील याची वाट पाहण्यात अनेकांची तिशी उलटते.

एका वाटेपाशी मात्र मी थांबले. अवयव प्रत्यारोपण समन्वयक. अपघातात तरुण मुलगा गेलेला असतो. यंत्रामुळं छाती वर-खाली होत असते, अंगात ऊब असते, आणि चार डॉक्टरांच्या समितीनं सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून मेंदू मृत झाल्याचं लिहिलेलं असतं. अशा वेळी आईवडिलांशी बोलायला जाणारी व्यक्ती बऱ्याचदा एमएसडब्ल्यू असते. नियमांतही त्या पदवीला पसंती दिलेली आहे. पुण्यातल्या अशा एका समन्वयकानं मला सांगितलं की तो पहिल्या भेटीत अवयवदानाचा शब्द काढत नाही. पाणी देतो, मोबाइल चार्ज करून देतो, गावाहून निघालेल्या भावाला फोन लावून देतो. आपला माणूस गेला हे त्यांना उमगल्यावरच विचारतो. नकार आला तरी मृतदेह ताब्यात मिळेपर्यंत सोबत थांबतो. त्यानं नकारानंतर काढता पाय घेतला असता तर आधीची सगळी माणुसकी खोटी ठरली असती, असं तो म्हणाला. मला हे त्याच्या कामाचं मर्म वाटलं.

मानधन

चार महिन्यांत सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द ‘मानधन’. सरकारी योजनांत, अभियानांत, कक्षांत काम करणाऱ्या या पदवीधरांतले बहुतेक कंत्राटी आहेत आणि कंत्राटी माणसाला पगार नसतो, मानधन असतं. करार अकरा महिन्यांचा. मग एक-दोन दिवसांचा ‘तांत्रिक खंड’, मग नवा करार. सलग सेवा धरली जाऊ नये यासाठी. मानधन तीन-तीन महिने न आल्याचं मला चार जिल्ह्यांतल्या लोकांनी सांगितलं. बीडच्या त्या कार्यकर्तीचा करार मार्चअखेर संपतो. ती दहावीतली मुलगी अठराची व्हायला अडीच वर्षं आहेत. या काळात मुलीच्या आईकडं तीन वेगवेगळ्या ताया येऊन ‘मला सगळं सांगा’ म्हणतील, तर ती किती वेळा सांगेल?

कायद्यानं ज्या माणसाला १५ दिवसांत अहवाल द्यायला लावलं, न्यायाच्या आसनावर बसवलं, त्याला आस्थापनेवर जागा दिली नाही, ही या सगळ्या व्यवस्थेतली मुख्य चूक आहे. दुसरी चूक नोंदणीची. वकिलाला बार कौन्सिल आहे, परिचारिकेला परिषद आहे. समाजकार्यकर्त्यासाठी देशपातळीवर तशी सर्वसमावेशक परिषद नाही. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१च्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोसामाजिक कार्यकर्त्यांचा समावेश झाला, ही सुरुवात चांगली आहे. वस्तीत, बालगृहात, न्यायालयात काम करणारे अजून त्याबाहेर आहेत.

लोक सोडून जातात. मला भेटलेल्या दोघांनी सूक्ष्म वित्त कंपनीत वसुलीचं काम धरलं होतं. त्यातला एक म्हणाला, “बाईशी कसं बोलायचं हे कॉलेजात शिकलो. आता तेच बोलणं हप्ता काढायला वापरतो.” हे सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

आमच्या नात्यातल्या मुलीला मी हे सगळं सांगितलं, काहीही न लपवता. तिनं जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाच्या जागेसाठी अर्ज केला आहे. अकरा महिने.

वाचकांना मात्र माझी एक विनंती आहे. घरातलं, शेजारचं, तुमच्याकडं कामाला येणाऱ्या ताईंचं, कुणाचंही माणूस रुग्णालयात दाखल झालं आणि पैशाची, कागदाची, सोबतीची अडचण आली, तर समाजसेवा विभाग कुठं आहे ते विचारा. धर्मादाय रुग्णालय असेल तर निर्धन रुग्ण निधीचा अर्ज मागा. त्या खोलीत कुणी बसलेलं असेल तर त्यांचा वेळ घ्या, तो तुमच्यासाठीच आहे. आणि खुर्ची रिकामी असेल, तर ‘पद केव्हापासून रिक्त आहे आणि केव्हा भरणार’ हे वैद्यकीय अधीक्षकांना लेखी विचारा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.